मागच्या चाकाचा नट

गाडी घेऊन तीन महिने झाले होते. पहिली सर्व्हिसिंग उरकली होती, दुसरीला अजून बरेच किलोमीटर बाकी होते, आणि या मधल्या काळातली सगळी देखभाल अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्याकडे घेतली होती.

मी कर्जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. नवरा आणि मुलगी नगरला असतात, त्याची नोकरी आणि तिची शाळा तिथली. इथं मी आणि अण्णा दोघंच. आधी माझ्याकडे स्कुटी होती, पण वस्त्यांवरच्या मुरुमाच्या रस्त्यात तिची लहान चाकं घसरायची, म्हणून मोटारसायकल घेतली. चालवायला मला अण्णांनीच शिकवलेलं, कॉलेजात असताना. नोकरीभर ते एसटीच्या लाल डब्याचे ड्रायव्हर होते आणि एकही अपघात न करता रिटायर झाले. हे ते कुणाला सांगत नसत, पण कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर मान थोडी वर करत.

रोज सकाळी माझा डबा भरून होईपर्यंत ते अंगणात गाडीभोवती फिरायचे. टायर अंगठ्यानं दाबायचे, गाडी सरळ उभी करून ऑइलच्या काचेत बघायचे, ब्रेक दाबून सोडायचे. सगळ्यात जास्त लक्ष चेनकडे. आमच्याकडच्या धुळीनं चेन लवकर कोरडी पडते, सैल होते. मग मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंच्या बारक्या स्क्रूंनी चाक जरा मागं ओढायचं आणि नट पुन्हा आवळायचा. मला एकदा त्यांनी हे सगळं दाखवलं होतं. मी मान हलवली होती आणि विसरून गेले होते.

त्या दिवशी लसीकरण होतं. सकाळी अण्णा म्हणाले, "चेन वाजतीया. थांब जरा, ताणून देतो." त्यांनी नट आवळायचे पाने काढले. मी आत आवरत होते. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा पाने पुसून पिशवीत ठेवलेले होते आणि अण्णा तुळशीला पाणी घालत होते. लसींचा डबा बांधला, कोपऱ्यावरून आमच्या आशाताईला मागं बसवलं आणि निघालो.

गाव सोडल्यावर पहिल्याच खड्ड्यात मागून खट्ट असा आवाज आला. नंतर गाडीचा मागचा भाग जरा वेगळाच वागायला लागला. मी डावीकडं वळवायचे आणि तो क्षणभर उशिरा वळायचा.

"ताई, मागच्या चाकात हवा हाय का बघा," मी म्हणाले.

ती वाकून म्हणाली, "हाय की. चांगलं टणक हाय."

लसीकरण दहाला सुरू व्हायचं होतं, बाया लेकरं घेऊन बसलेल्या असणार. मी थांबले नाही. 

मिरजगावच्या रस्त्याला लागलो. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्हीकडं बाहेर आलेला. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी ट्रॅक्टर ओलांडायला घेतला. मागच्या ट्रॉलीच्या पुढं गेले आणि समोरून ट्रक आला. जागा होती, पुरेशी होती, फक्त वेग थोडा कमी करून पुढच्या ट्रॉलीच्या बाजूनं सरळ राहायचं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि मागचं चाक आपोआप ट्रॉलीकडं सरकलं. मी हँडल दाबून धरलं होतं, गाडी ऐकत नव्हती. उसाच्या शेंड्याचं एक वाढं माझ्या गालावरून घासत गेलं. आशाताईनं माझी कंबर इतक्या जोरात धरली की मला श्वास घेता येईना. ट्रकचा हॉर्न कानाजवळून गेला. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं की गाडी पलीकडच्या साइडपट्टीवर, बाभळीच्या अलीकडं उभी होती, माझे दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले होते आणि मागून बारीक आवाजात "आई, आई" चाललं होतं.

ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर उतरून धावत आला, पन्नाशीचा माणूस, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. पहिल्यांदा तो ओरडलाच. "बाई, मरायचं हुतं काय?" मग त्यानं आमचे चेहरे बघितले. चाकाशी बसला आणि नटाला हात लावला. नट बोटांनीच फिरला.

"ह्यो बघा. दोन आटे राह्यले हुते. अजून एक खड्डा लागला असता तर चाकच निसटलं असतं." तो माझ्याकडं बघत म्हणाला, "कुनी आवळलं हे?"

 त्यानं ट्रॅक्टरमधून मोठा शिफ्टिंग पाना आणला, चाक सरळ केलं आणि अंगाचा जोर लावून नट आवळला. पाना दोनदा घसरला, नव्या नटावर पांढरे ओरखडे पडले.

तिथून पुढं मी सायकलच्या वेगानं गेले. अंगणवाडीत पोचल्यावर मी सुई हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. बायांना म्हणाले, "दहा मिनिटं थांबा." बाहेर हातपंपाशी जाऊन तोंड धुतलं. ट्रकची भीती तोवर उतरायला लागली होती. तिच्या जागी दुसरी यायला लागली होती, आणि ती मोठी होती.

अण्णा नट आवळायचा विसरले होते. गाडीच्या बाबतीत अण्णा कधीच काही विसरत नाहीत. मग मागच्या महिन्यातल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून डोळ्यांपुढं आल्या. एकाच दिवशी दोनदा भाजी आणली होती. माझ्या मुलीची इयत्ता चुकीची सांगितली होती. तेव्हा मी हसले होते.

दुपारी घरी आले. अण्णांनी रोजच्यासारखं विचारलं, "कशी चालली?"

"चांगली," मी म्हणाले आणि सरळ आत गेले.

चहा टाकत होते. बाहेर काहीच आवाज येईना म्हणून खिडकीतून बघितलं. अण्णा मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. नटावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवत होते. मी बाहेर गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"हा मी आवळला न्हाई," ते म्हणाले. "माझा पाना असा घसरत न्हाई. कुटं झालं?"

मी सांगितलं. ट्रक गाळून सांगायचं ठरवलं होतं, पण सगळंच सांगून गेले. ते ऐकत राहिले. त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं, तो हात त्यांनी धोतराला पुसला. असं ते कधी करत नसत.

मग म्हणाले, "आज वार कोन्ता, इचार मला."

"अण्णा, असू द्या."

"इचार म्हनतो ना!"

मी विचारलं. त्यांनी बरोबर सांगितलं. मग मुलीची इयत्ता विचारायला लावली, तीही बरोबर सांगितली, पण आधी डोळे मिटले. बाप घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

रात्री भांडी घासताना मला आठवलं की त्या सकाळी आत्याचा फोन आला होता आणि मीच आतून हाक मारली होती, "अण्णा, फोन!" ते हातातलं टाकून आत आले होते. म्हणजे विसरायला मीच लावलं. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. पण म्हणाले, "गाडीवर काम करताना मी फोन घेत न्हाई, पोरी. कधीच घेतला न्हाई. मग आज कसा घेतला?"

पुढच्या आठवड्यात त्यांना नगरच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी स्मरण तपासायला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी इतक्या काळजीनं काढलं की मला बघवेना. आकडे नीट आले, काटे नीट आले. डॉक्टर म्हणाले, आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. अण्णांनी विचारलं, "आनि तवर?" डॉक्टर म्हणाले, "तोवर रोजचं काम चालू ठेवा."

आता चेन मी ताणते. अण्णा शेजारी पाटावर बसून सांगतात, "आता उजवा स्क्रू. जास्त नको." नट मी आवळते, मग ते आवळून बघतात, मग मी पुन्हा एकदा. तोवर फोन घरात असतो. गाडीला काही झालेलं नाही, दुसरी सर्व्हिसिंगही झाली. मी मात्र कुठल्याही खड्ड्यानंतर अजून कान देते, आणि अण्णा एखादा शब्द आठवायला थांबले की मी हातातलं काम थांबवून, तो शब्द येईपर्यंत, त्यांच्याकडं न बघता वाट बघते.