बिनलोखंडी बाईचा कोट

तिला सगळे बिनलोखंडी म्हणायचे. हे नाव वेधशाळेच्या रखवालदाराने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की तिच्या सख्ख्या नणंदेलाही तिचं खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे.

रोज सकाळी साडेआठला ती फाटकाजवळच्या चौकीत एकेक वस्तू काढून ठेवायची. किल्ल्या, घड्याळ, छत्री, फोन, जेवणाचा डबा. केसांत पिनांऐवजी लाकडी काटा, पायांत एकही खिळा नसलेल्या रबरी चपला.

"बाई, दाढेत काय भरलंय तेही एकदा दाखवा," रखवालदार म्हणायचा.

"घाल की बोट आत," ती म्हणायची. बावीस वर्षांत त्याची ती हिंमत झाली नव्हती.

पुढे झाडांमधून दोनशे पावलं चाललं की लाकडी खोली लागायची. भिंती लाकडाच्या, बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे. आत दगडी खांबावर दुर्बिणीसारखं एक यंत्र. पृथ्वीचं चुंबकत्व आज किती आहे आणि कोणत्या दिशेला आहे, हे त्याने मोजायचं. दिवसभराची नोंद दुसरं एक यंत्र आपोआप करायचं, पण यंत्रावर आंधळा विश्वास कोण ठेवतो? म्हणून आठवड्यातून एकदा या खोलीत ती स्वतः हाताने माप घ्यायची आणि त्या मापाशी यंत्राचा आकडा ताडून पाहायची.

लग्नाकार्यात कुणी विचारलंच, की यात मोजण्यासारखं असतं तरी काय, तर तिला चेव यायचा. "अहो, आपल्या पायाखाली जवळजवळ तीन हजार किलोमीटर खोल वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. ते लोखंड सारखं ढवळलं जातं, त्यातून हे चुंबकत्व तयार होतं. ते दगडांमधून वर येतं, तुमच्याआमच्या अंगातून जातं आणि वर अवकाशात हजारो किलोमीटर पसरतं. सूर्याकडून येणारा कणांचा वारा त्याच्यावर आपटतो आणि बराचसा बाजूने निघून जातो. तुम्ही इथे जेवताय ना, ते त्याच्या आडोशाला बसून जेवताय."

"एवढा समुद्र खाली असताना तुमच्याकडे एक टाचणीसुद्धा चालत नाही?"

"समुद्र लांब आहे आणि टाचणी हातभर अंतरावर. जवळचाच जास्त त्रास देतो," असं म्हणून ती नवऱ्याकडे बघायची, आणि नवरा मान खाली घालून गालातल्या गालात हसायचा.

नवरा शिंपी. घराखालीच त्याचं दुकान. बायकोचे कामाचे कपडे त्याच्याच हातचे: हूक नाही, चेन नाही, सगळीकडे नाड्या आणि लाकडी बटणं. शिवून झालेल्या प्रत्येक कपड्यावरून तो लोहचुंबक फिरवायचा आणि कापड कुठे उचललं जातंय का ते डोळ्यांत तेल घालून बघायचा. सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत चहा नाही. आपल्या कपड्यातून कुणाला कधी सुई टोचली नाही, ही त्याची मिरवायची गोष्ट. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच, आणि याचं मिरवणं खरं होतं.

अशा सुखाच्या संसारात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. गेले चार महिने तुमची हातची मापं आणि यंत्राची नोंद जुळत नाही. कारण महिनाअखेर कळवा, नाहीतर हे चार महिने रद्द धरले जातील.

वेधशाळेची नोंद एकोणसाठ वर्षं सलग होती. तिच्या आधी दोघांनी ती सांभाळली होती, त्यातल्या एकाने तर ताप अंगात असताना. त्या रेषेत आता भोक पडणार, आणि तेही आपल्या हाताने? तिला जेवण जाईना. तिने चपला तपासल्या, चष्मा बदलला, लाकडी काटासुद्धा काढून केस नाडीने बांधले. रस्त्यावर कुणी नवीन लोखंडी टाकी बसवली का, तेही जाऊन पाहिलं. आकडे आपले डळमळीतच.

आठवड्याने एका दुपारी खोलीत भयंकर उकडत होतं. तिने कामाचा कोट काढून बाहेर झाडाला अडकवला आणि माप घेतलं. आकडे जुळले. पुन्हा घेतलं, पुन्हा जुळले. मग तिने कोट आणला आणि एकेक भाग यंत्राजवळ नेऊन पाहिला. डावी बाही जवळ जाताच आकड्यांनी उडी मारली. तिने दातांनी शिवण उसवली, तर दुहेरी कापडाच्या आतून तळहातावर अर्धी सुई पडली.

तिला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. हा कोट नवऱ्याने बरोबर चार महिन्यांपूर्वी शिवला होता.

तिच्या लक्षात सगळं आलं. तुकडा बाहीत राहिला, त्याच्यावरून लोहचुंबक फिरला, कापड किंचित उचललं गेलं असणार आणि नवऱ्याला ते दिसलं नाही. वर त्या चुंबकाने सुईलाच चुंबक करून सोडलं. काळजी घेतली नसती तर सुई एवढी तापदायक झालीच नसती. ती वेधशाळेच्या साहेबांना सांगून मोकळी होणार होती. कोट जुना झाला म्हणून घरी दुसरा शिवून घ्यायचा, विषय संपला. नवऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

पण साहेबांनी तुकडा बघून कपाळाला हात लावला. "बाई, उसवायला नको होतं. सुई होती तिथे असती, तर कोट घालून आणि काढून दोन्ही मापं घेतली असती. सुईमुळे किती फरक पडतो ते कळलं असतं, तेवढा चार महिन्यांतून वजा केला असता. आता ती अगदी तश्शीच परत बसायला हवी. कोट कुणी शिवलाय?"

"आमच्या ह्यांनी."

"मग तेच बसवतील!" साहेब खूश. ती मात्र घरी जाईपर्यंत वाक्यं जुळवत राहिली आणि दुकानात शिरताच सगळी विसरली.

"अहो, कोटात सुई राहिली होती," ती एकदम म्हणाली आणि बाकीचं सगळं सांगून टाकलं.

नवऱ्याने मशीन थांबवलं. बराच वेळ तो तुकडा बोटांत फिरवत बसला. तिला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सहा महिने झाले, सुईत दोरा ओवता येत नाही," तो म्हणाला. "समोरच्या फुलवालीकडून ओवून घेतो. ही मोडली तेव्हा कुठलातरी जुनाच तुकडा दुसरा म्हणून धरला असणार. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती. तुझं काम असं... त्यात माझ्यामुळे..."

"चार महिने गेले तर गेले," ती म्हणाली. असं आपण कधी म्हणू, हे तिला स्वतःलाच खरं वाटलं नाही.

"जातात कसे? आण तो कोट." त्याने बाही मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि आतलं जाड कापड बोटांच्या टोकांनी चाचपलं. "इथे खाच पडलीय. टोक मनगटाकडे होतं, जरा तिरकं. आणि जुनी भोकं आहेत, त्यांतूनच टाके घालतो. तो लोहचुंबक आधी बाहेर ने. आणि हे ओवून दे."

तिने दोरा ओवून दिला.

"जन्मात पहिल्यांदा मुद्दाम सुई ठेवतोय कपड्यात," तो म्हणाला. "नीट ठेवतो."

पुढचे बारा दिवस तिने तो कोट घातला, काढला, घातला, काढला. रखवालदाराला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. फरक दर वेळी तेवढाच आला. कागद गेले, दीड महिन्याने उत्तर आलं: सुईचा परिणाम वजा करून चार महिने ग्राह्य, नोंद सलग. तिने पत्र दुकानात वाचून दाखवलं. नवऱ्याने ते दोनदा वाचायला लावलं, आणि शिंप्याचा उल्लेख का नाही, असंही विचारलं.

नवऱ्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढेपर्यंत त्यांच्या घरी नवीन रीत पडली. सकाळी तो बारा सुया तिच्यापुढे ठेवायचा, ती दोरे ओवून द्यायची, निघताना मोजायची आणि मग साडी झटकून वेधशाळेत जायची. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर आठवडाभराने डॉक्टर म्हणाले, आता मुंगीचे पायसुद्धा मोजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा बारा सुया आणून ठेवल्या. तिने पहिली उचलली. सहावी सुई ओवताना तो पलीकडच्या खुर्चीतून म्हणाला, "अगं, तो दोरा गडद निळा नाही, काळा आहे."

तिने दोरा बदलला आणि सातवी सुई हातात घेतली.