खोटी बाहेर बसलेली सून

"पोटात जंत आहेत. तीन दिवस एरंडेल द्या," डॉक्टरसाहेबांनी निदान केलं. पेशंट तेव्हा चार कोसांवर कामठ्यात ओकत होती. साहेबांसमोर बसला होता तिचा सासरा. त्या काळी घरंदाज सुनांची तब्येत सासऱ्याच्या तोंडून तपासायची पद्धत होती, आणि आमचे साहेब त्यात तरबेज होते.

मी गोंदियाच्या त्या दवाखान्यात मिडवाइफ होते, म्हणजे शिकलेली सुईण. अठरा वर्षांची लग्न झालेली मुलगी रोज सकाळी ओकते म्हटल्यावर माझ्या डोक्यात जंत येत नाहीत.

"साहेब, पाळीची तारीख?"

"विचारलीय. मागच्याच आठवड्यात बाहेर बसली होती. त्याआधीच्या महिन्यातही. आता तुम्ही मला डॉक्टरी शिकवणार?"

बाहेर बसणं म्हणजे पाळीचे दिवस पडवीत वेगळं राहणं. चूल नाही, पाण्याला हात नाही. सून बाहेर बसली की घरालाच काय, शेजारालाही कळतं. एवढा भक्कम पुरावा असताना माझी काय बिशाद? साहेबांनी एरंडेलाची बाटली देऊन मलाच कामठ्याला धाडलं. जोराच्या जुलाबानं कोवळा गर्भ पडू शकतो, असं आम्हाला शिकवलं होतं. बाटली मांडीवर घेऊन मी छकड्यात बसले.

दारातच सासूबाई भेटल्या. "बाहेर बसली होती ना बाई. सयपाक मीच केला. मले मालूम नाई का?"

मी त्यांना पाणी तापवायला पिटाळलं आणि सुनेजवळ बसले. तिचं नाव कौसल्या.

"फोडणीचा वास सहन होतो?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"दिवसा झोप येते? छाती दुखते? लघवीला सारखं जावं लागतं?"

सगळ्याला हो.

"मग पाळी कशी आली?"

"नाई आली बाई. दोन महिने झाले. मी खोटीच बसली."

"काऊन? खोटं कशाला?"

"मागच्या खेपेस लवकर सांगतलं. साऱ्या गावाले समजलं. मंग दीड महिन्यात पडलं, त सारे मलेच बोलून राह्यले. आता सांगू नोका, बाई." थोडं थांबून म्हणाली, "अन् बाहेर बसलं का चुलीजवळ जा लागत नाई."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. साहेबांची डिग्री आणि सासूची नजर, दोन्हींना या पोरीनं एका घोंगडीवर बसून चकवलं होतं. पण त्या चलाखीपायीच एरंडेल तिच्या उशाशी येऊन पोचलं होतं.

"पोट दोन महिन्यांनी आपणच सांगेल," मी म्हटलं. "जुलाब मात्र आज आहे. तू सांगतेस की मी?"

सासू पाणी घेऊन आली तेव्हा कौसल्यानंच सांगितलं. सासूनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"म्हंजे दोन्ही खेपेस मी फुकटच चूल फुंकली?" ती म्हणाली. मग माझ्या हातातली बाटली घेतली. "तेल चांगलं हाय. दिव्याले होईल."

त्या रात्रीचा सयपाकही तिनंच केला म्हणे, आणि पुढचे कितीतरी दिवस.

दवाखान्यात साहेबांना सांगितलं. "मला शंका होतीच," ते म्हणाले.

कौसल्याला वेळेवर मुलगी झाली. माझ्या पुस्तकात पहिल्या महिन्यांची सगळी लक्षणं होती: मळमळ, झोप, वासाचा वीट. घरच्यांच्या बोलण्याची धास्ती त्यात नव्हती. ती मी पेन्सिलीनं खाली लिहून घेतली.