दोन दारांचं कपाट

पोर्ट सईदमध्ये लग्न ठरलं की आधी अब्ला इनायातची, म्हणजे इनायातताईंची, तारीख धरायची, मग हॉल, मग बँडवाले. कारण हॉलमध्ये काही कमीजास्त झालं तर लोक आठवडाभर बोलतात, पण नवरीचं कपाट फसलं तर तिच्या पोरांच्या लग्नापर्यंत बोलतात. लग्नाच्या चार दिवस आधी मुलीकडच्या बायका नव्या घरात जाऊन तिचे कपडे लावतात, आणि तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, मुलाकडच्या बायका येऊन कपाट उघडून बघतात. नुसतं बघत नाहीत, चवडीत बोट घालून खालपर्यंत मोजतात.

अब्ला इनायात म्हणजे काही कुणी मोठी असामी नव्हे. बाजारातल्या एका तयार कपड्यांच्या दुकानात बावीस वर्षं नोकरी, आणि नोकरी काय, तर गिऱ्हाइकांनी विस्कटलेलं पुन्हा घडी घालून ठेवायचं. गिऱ्हाईक विस्कटायचं, इनायात घडी घालायची, पुढचं गिऱ्हाईक पुन्हा विस्कटायचं. दुसरी कुणी असती तर कपड्याचं तोंड पाहिलं नसतं. या बाईंना मात्र त्याचं वेडच लागलं. स्वतःच्या घरी तीन झगे आणि एक काळा कोट, पण परक्या पोरीचं कपाट दिसलं की डोळे लकाकायचे. पैसे घेत नसत. घेत असत ते फक्त हुकूम करण्याचं सुख.

त्यांचे कायदे कडक होते. त्या दिवशी घरात मासळी आणायची नाही. पोर्ट सईदमध्ये हा कायदा म्हणजे विहिरीवर पाणी प्यायला बंदी, पण तरी पाळला जायचा. टॉवेलचे हंस करायचे नाहीत. "टॉवेल अंग पुसायला असतो, तळ्यात सोडायला नाही," असं त्यांनी एका नवरीच्या मावशीला सुनावलं होतं, तेव्हापासून ती मावशी त्यांच्याशी बोलत नाही, आणि अब्लांना त्याचं काही वाटतही नाही.

तर शाहिनाझच्या कपाटाची गोष्ट. सकाळी नऊला अब्ला इनायात तीन जिने चढून नव्या घरात शिरल्या आणि दारातच थबकल्या. खोलीत कपाट दिसेना. दिसत होती फक्त खोकी. जमिनीवर, पलंगावर, खिडकीच्या कट्ट्यावर. अठरा खोकी! आदल्या दिवशी दोन छोट्या ट्रकांतून, भोंगे वाजवत, बायकांनी जिभा हलवून केलेल्या उलुलुच्या गजरात अख्ख्या मोहल्ल्यातून मिरवत ती आली होती. खोक्यांच्या मागे, भिंतीशी अंग चोरून, दोन दारांचं कपाट उभं होतं.

"हे काय?" अब्ला म्हणाल्या. "तिसरं दार कुठाय?"

"तिसरं दार दमियात्तला, सुताराकडे परत गेलं," नवरी शाहिनाझ म्हणाली. बावीस वर्षांची उंच, शिडशिडीत पोरगी, हसू दाबून उभी होती. "सुतारानं तीन दारांचं केलं होतं, अब्ला. पण खिडकी आणि दार यांच्यामध्ये बसेना. मग त्यानं एक खण काढून नेला."

"खिडकी काढून न्यायला सांगायचं होतंस!" ही तिची मावशी फिक्रिया. जिभेला हाड नसलेली बाई.

शाहिनाझची आई बदरिया मात्र हसत नव्हती. ठेंगणी, गोल, बेचाळिशीची बाई, काळ्या झग्यात, एका खोक्यावर हात ठेवून पहारेकऱ्यासारखी उभी. "अब्ला, सगळं बसलं पाहिजे," ती म्हणाली. "बावीस वर्षं जमवलंय. ही तीन महिन्यांची होती तेव्हा पहिला गाऊन घेतला. हिची होणारी सासू सौसन हाज्जा बघायला येणार, तिच्यासमोर एक जरी खोकं बाहेर राहिलं ना, तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"बसवू," अब्ला इनायात म्हणाल्या, आणि बाह्या सरसावल्या. खरं म्हणजे त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. चाळीसेक कपाटं लावली असतील, पण अठरा खोकी आणि दोन दारं! असं आव्हान रोज येत नाही.

काम सुरू झालं. काय ती धांदल! फिक्रिया खोकी फोडत होती, शाहिनाझ पिशव्या सोडत होती, बदरिया प्रत्येक वस्तूचा इतिहास सांगत होती, आणि अब्ला पलंगावर मांडी घालून, मांडीचाच पाट करून घड्या घालत होत्या. हात असे चालत होते की बघत राहावं. बाह्या आत, खांदा खांद्यावर, एकदा, दोनदा, आणि दुमडलेली कड बाहेरच्या बाजूला. चवड उभी राहिली की कात्रीनं कापल्यासारखी सरळ. पांढरे, मग मोतिया, मग गुलाबी, डाळिंबी, आणि शेवटी लग्नाच्या रात्रीचे ते लालभडक, ज्यांच्यावर फिक्रियानं काहीबाही बोलून शाहिनाझला ओंजळीत तोंड लपवायला लावलं.

"अगं मावशी, पुरे!"

"का? नवरदेवाला, वाईलला दाखवणार, मला नाही?"

अकरा वाजता दोन्ही खण भरले. खोकी उरली दहा.

अब्लांनी सगळं उपसलं. पुन्हा लावलं. घड्या निम्म्या केल्या, चवडी दाबल्या, वर ब्लँकेटांच्या जागी चादरी घातल्या, ब्लँकेटं पलंगाखाली ढकलली. साडेबाराला खोकी उरली सात. दार लावायला गेल्या तर ते बंद होईना. फिक्रियानं पाठ लावली, शाहिनाझनं गुडघा लावला, दार बंद झालं, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि त्या श्वासानंच जणू दार फाडकन उघडून गाऊनांचा लोंढा चौघींच्या पायांवर आला. फिक्रिया हसत हसत जमिनीवर बसली. बदरियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

"बदरिया," अब्ला म्हणाल्या, "सात खोकी कमी करावी लागतील."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी न्यावी लागतील."

बदरियानं असं पाहिलं की जणू अब्लांनी नवऱ्यामुलाला शिवी दिली. "नवरीचं सामान वर चढलं की खाली उतरत नाही! भरदुपारी माझी खोकी जिन्यावरून उतरताना लोक बघतील. काल वाजतगाजत चढलं, आज गुपचूप उतरलं, याचा अर्थ एकच होतो. संध्याकाळपर्यंत मासळीबाजारात बोललं जाईल की हसनैनच्या पोरीचं मोडलं."

यात मात्र ती चुकत नव्हती. या गावात सामान उतरलं की लग्न उतरलं. अब्ला इनायात पलंगाच्या कडेला बसल्या. घड्याळात एक वाजला होता आणि असरला सौसन हाज्जा सहा बायका घेऊन येणार होती.

बसल्या बसल्या त्यांच्या हाताला चाळा लागला. पायाशी पडलेला एक जर्दाळू रंगाचा सॅटिनचा गाऊन त्यांनी उचलला, सवयीनं बाही पसरली, आणि त्यांचा हात थांबला. बावीस वर्षं दुकानात काढलेल्या बाईला माप सांगावं लागत नाही.

"शाहिनाझ, इकडे ये. घाल बघू हा."

शाहिनाझनं अंगावरच्या कपड्यांवरूनच घातला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. खालचा घेर पोटऱ्यांवर. कमरेत आणखी एक शाहिनाझ मावेल एवढी जागा.

"दुसरा घाल."

दुसराही तसाच. तिसराही. शाहिनाझ आरशात बघून फिदीफिदी हसायला लागली. "आई, हे कुणासाठी घेतलेस गं? मी यात तंबूच्या खांबासारखी दिसते."

"तुझ्यासाठीच!" बदरिया चिडून म्हणाली. "दुकानात तू नसायचीस, शाळेत असायचीस. मी अंगाला लावून बघायची नि घ्यायची."

"कुणाच्या अंगाला?" अब्लांनी विचारलं.

बदरियाचा हात आपसूक स्वतःच्या खांद्यावर गेला.

अब्लांनी तिला बोलूच दिलं नाही. उठल्या, शाहिनाझच्या अंगावरचा जर्दाळू गाऊन काढला, आणि बदरियाच्या काळ्या झग्यावर चढवला. खांदा खांद्यावर बसला. बाही मनगटावर थांबली. घेर बरोबर घोट्याशी आला. शिंप्यानं समोर उभं करून शिवला असता तरी इतका नेमका बसला नसता.  फिक्रियानं हातातलं खोकं खाली ठेवलं.

बदरियानं आरशात पाहिलं. मग पटकन नजर काढली. "मला काय माहीत, पोरगी बापावर जाणार," ती पुटपुटली.

मग तिलाच राहवेना. "माझं लग्न झालं ना, ते शाळेच्या वर्गात," ती शाहिनाझला म्हणाली. "युद्धात सगळं पोर्ट सईद रिकामं केलं होतं, आम्ही मन्सुरा शहराजवळ एका शाळेत राहायचो, मधे चादर बांधून दोन कुटुंबं. फिक्रियाच्या नणंदेचा गाऊन मागून आणला होता. सकाळी उठले, तर ती बाई चादरीपलीकडून म्हणाली, धुऊन द्या, आज मला लागेल. तुझा बाप अजून झोपला होता. मी गाऊन उतरवून धुतला."

"मी भांडले होते तिच्याशी," फिक्रिया हळू आवाजात म्हणाली.

"गावात परत आल्यावर बाजार असा फुलला की डोळे दिपायचे. सॅटिन बघितलं की मला राहवायचं नाही. शाहिनाझसाठी म्हणून घ्यायची. खरंच तुझ्यासाठी म्हणूनच घेतलं गं, बाळा. मी खोटं नाही बोलत."

शाहिनाझनं आईला मिठी मारली, खाली वाकून, कारण आई तिच्या खांद्याला लागत होती. "आई, हे सगळं तुझं आहे. घेऊन जा."

"कसं नेऊ? खाली उतरत नाही!"

आणि इथे अब्ला इनायातच्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला की त्यांनी टाळीच वाजवली. "सामान उतरत नाही. बाई उतरते की नाही? वर आलेली बाई घरी जाते की नाही? आणि अंगावर काय घालून जाते हे कुणी मोजतं का?"

फिक्रियाला आधी कळलं. तिनं अशी उलुलु ठोकली की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. "आण गं ते डाळिंबी! आण, आण! मलाही चार चढवा!"

मग जे झालं त्याची आठवण निघाली की फिक्रिया अजून पोट धरून हसते. एकावर एक गाऊन चढू लागले. बदरियाच्या काळ्या झग्याखाली सात. फिक्रियाच्या झग्याखाली सहा, शिवणी कुरकुरेपर्यंत. अब्ला इनायात, ज्या आयुष्यात काळ्या कोटाबाहेर गेल्या नव्हत्या, त्यांच्यावर पाच, आणि वरून तो कोट. राहिलेलं हलकंफुलकं पोटाशी कमरपट्ट्यात बांधलं. रिकामी खोकी चपटी करून पलंगाखाली. आणि कपाट? कपाट आता श्वास घेत होतं. शाहिनाझच्या मापाचं तेवढं उरलं, हाताच्या उंचीवर रोजचं, वर थंडीचं, आणि दार एका बोटानं बंद होत होतं. खालचा एक कप्पा तर पूर्ण रिकामा राहिला. अब्लांनी तो तसाच ठेवला.

असरनंतर सौसन हाज्जा आली. बदरियाला मिठी मारायला गेली तर हात पाठीपर्यंत पोहोचेनात. "माशाल्ला, शाहिनाझच्या आई! लेकीच्या लग्नानं भलत्याच भरलात की!"

"आनंद, हाज्जा, आनंद," बदरिया घामानं निथळत म्हणाली. फिक्रियाला ठसका लागला.

सौसन हाज्जानं कपाट उघडलं. बोट घालून चवडी मोजल्या, रंग बघितले, हुं हुं केलं. मग वाकली. "हा कप्पा रिकामा कसा?"

बायकांच्या माना वळल्या. अब्ला इनायात तोंड उघडणार, तेवढ्यात बदरियाच पुढे झाली. "तुमच्या वाईलचा तो. आपण बायका बावीस वर्षं पोरीचंच जमवत बसतो हाज्जा, नवऱ्याच्या सदऱ्यांना जागा कुणीच ठेवत नाही. बिचारे जन्मभर खुर्चीवर टाकतात."

सौसन हाज्जा खो खो हसली. "माझा अजून टाकतो!" असं म्हणून तिनं स्वतःच उलुलुला सुरुवात केली, आणि सहाच्या सहा बायकांनी साथ दिली.

जिना उतरताना तिघी अंग तिरकं करून चालत होत्या, कारण समोरून मावत नव्हत्या. शेजारणींनी हात हलवले, कुणाला संशय आला नाही. घरी पोहोचल्यावर बदरिया अब्लांचा हात सोडेना.

"अब्ला, तुम्ही उद्या येऊन माझं कपाट... म्हणजे वेळ असेल तर."

"उद्या कशाला?" अब्ला इनायात कोट काढत म्हणाल्या. "कुठाय कपाट?"

बदरियाच्या कपाटात पोरांची शाळेची जुनी स्वेटरं होती, मेलेल्या सासूच्या चादरी होत्या, तीन तुटक्या छत्र्या होत्या, आणि एका कोपऱ्यात तिचे चार काळे झगे. अब्लांनी दयामाया न दाखवता तासाभरात ते मोकळं केलं. मग नवरीचं लावतात तसं लावलं. मोतिया, गुलाबी, जर्दाळू, डाळिंबी. एक कमी नाही, एक जास्त नाही. बदरिया पलंगाच्या कडेला बसून बघत होती, आणि अब्ला इनायातला त्या चाळीस नवरी मुलींपैकी एकीचाही चेहरा असा आठवेना.

संध्याकाळी बदरियाचा नवरा हसनैन आला. धक्क्यावर जहाजांचे दोर बांधायचं त्याचं काम, हात कोपरापर्यंत डांबरानं काळे. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती. तो उंबऱ्यावर थांबला. एकदा कपाटाकडे, एकदा बायकोकडे, पुन्हा कपाटाकडे बघितलं. लग्नानंतरच्या सकाळी धुऊन परत दिलेला गाऊन त्यालाही आठवला असावा. एक पाऊल आत टाकलं, जर्दाळू सॅटिनकडे हात पुढे केला, तो काळा हात बघून पुन्हा मागे घेतला.

"थांब," तो बदरियाला म्हणाला, "हात धुऊन येतो."