पाण्यामागे उतरावे का?

डोंगरावर वाट चुकलेल्या माणसाने वाहत्या पाण्यामागे खाली उतरावे का, एवढा एकच प्रश्न मला या लेखात तपासायचा आहे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी त्याचे उत्तर 'होय' असे देत आलो. चौसाळ्याच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवत असे. नदीचे कार्य हा पाठ संपला की फळ्यावर डोंगराची आकृती काढून मी मुलांना विचारी, "गुरे राखताना वाट चुकली तर काय कराल?" मुले एका सुरात म्हणत, "पान्याच्या मागं जाऊ, गुरुजी!" कारणही मीच पाठ करून घेतलेले असे. पाणी उताराकडे जाते, त्याचा ओढा होतो आणि ओढ्याच्या काठी वस्ती असते.

आमच्या दुष्काळी जिल्ह्यात या नियमाविषयी शंका घ्यावी असे कोणाला वाटले नाही. इथे पाणी सहसा एकटे सापडत नाही. जिथे ओल आहे तिथे विहीर आहे, विहिरीवर मोटर आहे, आणि मोटरीजवळ वीज येण्याची वाट पाहणारा कोणीतरी माणूस बसलेला आहे. पाणी सापडले की माणूस सापडला, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

माझी मुलगी परिचारिका आहे. अंबाजोगाईला तिचे शिक्षण झाले आणि दोन वर्षांपासून ती वेल्समध्ये, एका लहान गावातील रुग्णालयात काम करते. वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा डोंगराळ प्रदेश. तिच्या खोलीच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. त्याचे नाव तिने मला चार वेळा उच्चारून दाखवले. मला ते जमले नाही, म्हणून आमच्या घरात त्याला 'तिचा डोंगर' म्हणतात.

तो डोंगर मी फक्त छायाचित्रांत पाहिला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. आमचा बालाघाट पायऱ्यापायऱ्यांचा आणि माथ्यावर सपाट आहे. तिचा डोंगर पालथ्या परातीसारखा गोलसर. पायथ्याची आणि उतारावरची कुरणे दगडी भिंतींनी विभागलेली आहेत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या दिवसरात्र उघड्यावर चरतात. ऑक्टोबरात उतारावरचे नेचे वाळून तांबूस होतात. त्याच्या वर झाड नाही. तिथली जमीन काळी असते आणि पाऊस नसतानाही पाय दाबला की पाणी वर येते.

"मेंढरं राखाया कुनीच न्हाई?" माझ्या पत्नीने पहिल्यांदा विचारले होते.

"नाही गं आई. लांडगेच नाहीत इकडं."

"अन् पानी आपलं आपलंच निघतं?"

"पाय ठेवला की निघतं."

"मग तुज्या सायबाला म्हनावं, निम्मं इकडं लावून दे. कावून वाया घालविता?"

सुट्टीच्या दिवशी मुलगी त्या डोंगरावर जाई आणि निघताना पायथ्याच्या फलकावरील नकाशाचे छायाचित्र मला पाठवी. समोच्च रेषांचा नकाशा मला आवडतो, हे तिला माहीत होते. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा दूर असतील तर उतार मंद, जवळ असतील तर तीव्र. हेही मी दरवर्षी शिकवत असे.

माझ्या या उत्तराची परीक्षा झाली तो दिवस दसऱ्यानंतरचा होता. दुपारचे पावणेचार वाजले होते, तिच्याकडे सव्वाअकरा. शेजारचा एक माणूस ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला होता आणि घराची किल्ली ठेवायला आमच्या ओट्यावर आला होता. टोळीवर जाणारी मंडळी किल्ली शेजारी देऊन जातात, ही इथली रीत आहे. तो आता चाळिशीचा असला तरी एके काळी माझ्या वर्गात होता.

"काकू, कुलूप अडतंय जरा. किल्ली उलटी फिरवायची."

"मागल्या साली बी हेच म्हनलास. उलटी फिरवली तर किल्लीच वाकली."

"वाकली तर वाकू द्या. घरात चोराला न्यायासारखं हाय काय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अण्णा, घाबरू नका," मुलगी म्हणाली. हे वाक्य माणूस घाबरण्यासारखे काही घडल्यावरच बोलतो. "धुकं आलंय. वाट दिसेना."

"किती लांबचं दिसतं?"

"माझे बूट दिसतात."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मैत्रीण येणार होती, तिला ऐनवेळी ड्यूटी लागली."

"पाण्याचा आवाज येतो का?"

तिने कानोसा घेतला. "येतो. डाव्या हाताला."

"मग काळजीचं कारण नाही. त्या पाण्यामागे उतर. पाणी सोडायचं नाही. खाली गाव लागेल."

"नक्की ना, अण्णा?"

"शाळेत शिकवलंय ना तुला?"

"हो, गुरुजी," ती किंचित हसली आणि फोन बंद झाला.

मी पत्नीला सगळे समजावून सांगितले. तिने फक्त विचारले, "तिच्या पायात काय हाय?" मी म्हणालो, "बूट." ती म्हणाली, "वल्ले झाले आसतील."

ओट्यावरचा माझा विद्यार्थी बोटात किल्ली फिरवत होता. तो म्हणाला, "गुरुजी, एक सांगू का? राग येनार न्हाई ना?"

"सांग."

"मी नववीत होतो तवा आपल्या डोंगरावर म्हैस हुडकाया गेलतो. आभाळ खाली उतरलं, काई दिसंना. तुमी शिकिवलं तसं पान्याच्या मागं लागलो. पानी गेलं कड्यावरनं खाली. माजा बी एक पाय गेलता. सीताफळीच्या बुंध्याला धरलं म्हनून आज हितं बसलोय."

"मला का सांगितलं नाहीस?"

"कावून सांगू? सहामाहीत तुमी त्योच सवाल टाकला. मी 'पाण्याच्या मागे जावे' लिव्हलं. दोन मार्क मिळाले."

त्या दिवशी निघताना तिने पाठवलेला नकाशा मी उघडला. दोन बोटांनी तो मोठा केला. माथ्याच्या डाव्या अंगाला एक बारीक निळी रेषा निघत होती. सुरुवातीला समोच्च रेषा तिला लांबलांबून छेदत होत्या. पुढे एका ठिकाणी त्या इतक्या जवळ आल्या होत्या की त्यांची एकच जाड तपकिरी रेघ दिसत होती. समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा समजावा. हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले होते की फळ्याकडे न पाहता लिहू शकलो असतो. तो नकाशा दुपारपासून माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता आणि उत्तर देताना मी तो उघडलाच नाही.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग संदेश लिहिला: 'पाण्यामागे जाऊ नकोस. आहेस तिथे बस.' त्याखाली एकच करडी खूण उमटली. एक खूण म्हणजे संदेश इथून निघाला आहे, तिथे पोहोचलेला नाही.

आता याचा अर्थ नीट पाहू. माथ्यावर रेंज होती, म्हणून ती माझ्याशी बोलू शकली. डोंगराच्या घळीत रेंज मिळत नाही. फोन लागत नव्हता याचा अर्थ ती घळीत शिरली होती. ती माझे ऐकत होती. ती लहानपणापासून माझे ऐकत आली होती. त्या दुपारी तिने ऐकले नसते तर किती बरे झाले असते, असे मला वाटत होते, आणि तसे होण्याची शक्यता फारच कमी होती.

सव्वाचार झाले. गॅसवर ठेवलेले चहाचे पाणी आटून भांडे तडतडू लागले, तरी पत्नी उठली नाही. पाच वाजले. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. टोळीचा मुकादम खिडकीतून ओरडला, "येतू का जाऊ बे?"

"जावा म्होरं! फाट्यावर गाठतो!" माझा विद्यार्थी ओरडला.

"फाट्यावर तुजा सासरा थांबलाय का?"

"जावा म्हनलं ना!"

भांडी, पेट्या आणि बायामाणसांनी भरलेला ट्रक धूळ उडवत निघून गेला. माझ्या विद्यार्थ्याची बायकोही त्यात होती. मी त्याला म्हणालो, "तू जा." तो म्हणाला, "दुसऱ्याला कड्यापाशी सोडून जाता येत न्हाई, गुरुजी. मला ठाव हाय तितं कसं वाटतं." पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला आणि मांडीवर उताणा ठेवला. पडद्यावरचा उजेड विझला की ती बोटाने त्याला पुन्हा जागे करी. करडी खूण एकच होती. मी मनात तो उतार मोजत होतो. त्या निळ्या रेषेवरून एक पोर किती वेळात किती उतरेल, याचा हिशोब मला येत होता आणि तो यावा असे मला वाटत नव्हते.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी करड्या खुणा दोन झाल्या. मग फोन वाजला.

"अण्णा, मी खाली आहे. ठीक आहे."

पत्नीने मोठ्याने हंबरडा फोडला आणि लगेच ती मुलीवर रागावली, "एकलीच जाती व्हय गं डोंगरावर? पाय मोडून हातात देईन!"

मुलीने सांगितले ते असे. ती पाण्यालगत उतरत गेली. ओढ्याकाठी हिरवेगार, मऊ दिसणारे शेवाळ होते. हिरवे म्हणजे चांगली जमीन, असे समजून तिने पाय टाकला आणि मांडीपर्यंत काळ्या चिखलात गेली. एक बूट तिथेच राहिला. पाय ओढून काढताना ती ओरडली. वरच्या दगडी भिंतीच्या कडेने दोन वयस्क बायका कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. कुत्र्याने आधी ऐकले. त्यांनी तिला काठीने बाहेर काढले आणि भिंतीच्या कडेकडेने खाली नेले. भिंत शेताची असते आणि शेत कोणाचे तरी असते, असे त्यांपैकी एक म्हणाली. ओढा पुढे साठ-सत्तर पावलांवर कड्यावरून खाली जात होता.

"त्यांनी विचारलं, पाण्याच्या मागं कशाला निघाली होतीस," मुलगी म्हणाली. "तुमचं नाव नाही सांगितलं, अण्णा."

ओट्यावरचा माणूस उठला, किल्ली पत्नीच्या हातात दिली आणि फाट्याकडे पळाला.

पुढच्या आठवड्यात मी आणि पत्नी काठ्या घेऊन आमच्या गावामागच्या डोंगरावर गेलो. भर उन्हात, तीन दिवस, एकेका ओढ्यामागे उतरलो. सात ओढे सापडले. तीन गावाच्या तलावाकडे येतात. दोन निर्जन घळीत जिरतात. दोन कड्यावरून पडतात, आणि त्यांपैकी एकाच्या तोंडाशी सीताफळीचे झुडूप आहे. म्हणजे मी शिकवलेला नियम आमच्या स्वतःच्या डोंगरावरही सातांपैकी तीनच वेळा खरा ठरला. हा एकाच डोंगराचा हिशोब आहे, त्यापलीकडे मी काही सिद्ध केले असे म्हणत नाही. मुलीच्या डोंगरावर पाणी सगळीकडे आहे, म्हणून पाण्याजवळ माणूस असण्याचे तिथे काहीच कारण नाही. हे मला घरबसल्या कळायला हवे होते.

मी ज्यांना हा नियम घोकायला लावला ती मुले आता मोठी झाली आहेत. कोणी मेंढरे राखतात, कोणी दूरच्या जिल्ह्यांत ऊस तोडतात, कोणी कुठे आहेत हे मला माहीत नाही. त्यांनी आपल्या मुलांना तोच नियम शिकवला असेल. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की अजूनही मी हातातले काम टाकून तो उचलतो.

म्हणून माझे सुधारलेले उत्तर असे: धुक्यात वाट चुकली तर जागीच थांबावे, हाक मारावी, आणि पाणी कुठे जाते हे आधी पाहिलेले नसेल तर त्यामागे उतरू नये. पण हेही पुन्हा एका शिक्षकाचेच उत्तर आहे. माझी वाचकांना विनंती आहे की त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या गावाजवळच्या डोंगरावर भर दिवसा, दोघे मिळून जावे, एकेक ओढा शेवटपर्यंत पाहावा, आणि तो कुठे जातो हे स्वतः तपासावे.