कुंदाचं संत्रं

संत्र्यांनी लगडलेलं झाड दिसलं की आमच्याकडचा माणूस हरखतो. कुंदाचा चेहरा मात्र उतरायचा. ती म्हणे, "शालू, इतकं भरभरून कोणतं झाड देते, सांगू? ज्याले जायचं असते, थे." मी तिला चिडवायची, की तुला बारशाला नेलं तरी तू रडायचं कारण शोधशील.

सौसरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मी तिथेच मास्तरीण झाले. ती शिकत शिकत हैदराबादच्या प्रयोगशाळेत पोचली. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे हे मोठंच अप्रूप होतं. तिचे वडील सुखदेवबाबा लोधीखेड्यापर्यंत लोकांच्या बगीच्यांत कलमं बांधत. खुंटाच्या सालीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवावा तर त्यांनीच, अशी ख्याती होती. डोळे घ्यायचे ते नेहमी गावच्या पाटलांच्या एकाच झाडाचे, कारण सगळ्यात जास्त फळायचं ते.

सुट्टीत आली की कुंदा बाबांना आपलं काम, झाडं वाळवणारा विषाणू कसा रोखायचा ते, समजावत बसे. "विषाणूचं कवच झाडानं सोताच बनवलं, तं खऱ्या विषाणूले आत जागा भेटत नाही, बाबा."

"मंग बनवत काहून नाही?"

"विषाणूचं लिहिणं झाडाच्या पेशीले धड वाचता येत नाही. म्हून मी त्यातली अक्षरं बदलून राहिली. कवच थेच, लिहिणं झाडाच्या सवयीचं."

चाचणीच्या तंबाखूच्या रोपात जमलं तेव्हा ती पेढे घेऊन आली. बाबा पेढा चघळत म्हणाले, "तंबाखूसाठी कोण रडून राहिलं, बाई? आपल्या संत्र्याचं पाहा." मी खो खो हसले. कुंदा हसली नाही. बदललेलं जनुक घातलेल्या संत्र्याच्या पेशीतून रोपच उभं राहत नव्हतं, आणि इकडे नवे बगीचे वाळायला लागले होते.

एका उन्हाळ्यात ती पाटलांच्या त्या झाडाची पानं घेऊन गेली. दिवाळीला आली तेव्हा तिने आधी मला सांगितलं. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या झाडात विषाणू कित्येक वर्षं मुरलेला होता. बाबांनी बांधलेल्या प्रत्येक डोळ्याबरोबर तो गावोगाव गेला होता.

"सांगू नको," मी म्हटलं. "म्हाताऱ्याचा जीव जाईल."

"नाही सांगितलं तं उद्या पुन्हा तिथलेच डोळे बांधतीन थे."

तिने सांगितलं. बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "मंग मी काय वाटत फिरलो इतके वर्स?"

गावात भलतंच पसरलं. सुखदेवची पोरगी लॅबमध्ये विषाणूची अक्षरं जुळवते, तिनेच रोग बाटलीत भरून आणला म्हणे! पाटलांच्या अंगणात माणसं जमली. "हिले बगीच्यात पाय ठेवू देऊ नका," कोणी ओरडलं. कुंदा समजावायला उभी राहिली, पण तिला बोलू देतंय कोण? तेव्हा कोपऱ्यात बसलेले बाबा उठले.

"पोरीनं नाही आणला," ते म्हणाले. "माह्या हातानं गेला. जिथं जिथं मी कलम बांधलं, तिथं तिथं मीच नेला."

कुंदा त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवू लागली, ते बसेनात. मला रडू आवरेना.

त्यानंतर बाबांना कोणी कामाला बोलावलं नाही. पुढच्या थंडीत त्यांनी खाट धरली, कुंदा रजा काढून आली. एका दुपारी ती त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. मीही तिथेच होते.

"संत्र्यात जमलं का, बाई?"

"जमलं, बाबा."

"वाळत नाही झाड?"

"नाही वाळत."

बाबांनी डोळे मिटले. ओठांवर हसू होतं, कितीतरी महिन्यांनी. मी तिला ओढतच ओसरीवर नेलं. "अगं, मला बोलली नाहीस! खरंच जमलं?"

"नाही," ती म्हणाली. "एक रोप नाही जगलं, शालू."

आणि आत जाऊन पुन्हा त्यांच्या उशाशी बसली. बाबा त्याच आठवड्यात गेले. कुंदाला खोटं बोलताना मी जन्मात तेवढं एकदाच ऐकलं.