दादाचा मऊ बर्फ

माझी भाची भिंगरी हल्ली स्केटिंगच्या स्पर्धांना जाते ती बर्फ तपासायला. मुली यायच्या आत ती रिंकवर दोन फेऱ्या मारते, एकदा टाच रोवते आणि तापमानाचा आकडा सांगते. मग तिथला माणूस यंत्र लावून बघतो आणि आकडा तोच निघतो. लोक म्हणतात, उपजत देणगी आहे हो पोरीला. उपजत कसली डोंबलाची! त्या देणगीपायी आमच्या घरातली चार माणसं बारा वर्षं वेड्यासारखी वागली, आणि त्यांतली एक मी होते.

सुरुवात दादापासून. माझा भाऊ रिंकवर मेकॅनिक. रिंक म्हटलं की लोकांना वरचा झगमगाट आठवतो. दादाचं राज्य त्याच्या बरोबर खाली, तळघरात. बर्फ गोठवणारे तीन कॉम्प्रेसर, जाडजूड पाइप, एक लोखंडी टेबल आणि भिंतीवर तापमानाचा काटा. वर सगळे थंडीने कुडकुडायचे आणि हा खाली बनियनवर घाम पुसत बसायचा. वहिनीची नोकरी सकाळपाळीची, मी दिवसभर दुकानात शिलाई मशीनवर, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की सहा वर्षांची भिंगरी दादाबरोबर रिंकवर. तळघरात कंटाळली म्हणून त्याने तिला भाड्याचे बूट घालून वर सोडलं. तिथून ती खाली आलीच नाही म्हणा ना.

पहिल्याच महिन्यात हनुवटीवर आपटली. तीन टाके पडले. पोर दोन दिवसांत परत बर्फावर. हाय खाल्ली ती दादाने. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि कुणाला सांगू नकोस म्हणत त्याने आपला पराक्रम सांगितला.

"काटा दोन अंशांनी वर नेलाय. उणे पाच होतं, ते उणे तीन केलं. बर्फ मऊ राहतो, पडलं तरी कमी लागतं."

"आणि मालकाला कळलं तर?"

"वर बर्फ दिसतो ना? दिसतो. मग कोण विचारतंय?"

मी हसले. बापाचं काळीज, दुसरं काय, असं म्हणून कौतुकसुद्धा केलं. ते कौतुक मला आजही टोचतं.

विचारलं फक्त हॉकीवाल्यांनी. बर्फ चिकट लागतो, पाय ओढल्यासारखे होतात, अशी त्यांची कुरकुर. दादा चेहरा पाडून सांगायचा, कॉम्प्रेसर म्हातारा झालाय. शेवटी मालकाने नवा कॉम्प्रेसर आणला. तोही आठवडाभरात म्हातारा झाला.

आमच्या रिंकवर मात्र भिंगरीला तोड नव्हती. गिरकी अशी की बघणाऱ्यालाच गरगरावं, आणि उडीवरून उतरायची ती मांजर गादीवर उतरावं तशी. क्लबच्या सगळ्या स्पर्धा तिच्या. पोशाख मी शिवायचे, एकेकावर हजारभर टिकल्या, त्याही हाताने. वहिनीने चषकांसाठी एक कपाट रिकामं केलं. अर्थात दादाच्या कपड्यांचं. तिच्या प्रशिक्षक बाईंनी भाकीत केलं की ही देशाच्या संघात जाणार. अठरा पूर्ण व्हायच्या आत निवड चाचणीत पहिल्या तिघींत यायचं, एवढंच बाकी.

आणि बाहेरगावी गेली की ही आपटायची. एकदा नाही, दरवेळी. नवव्या वर्षी, अकराव्या वर्षी, तेराव्या वर्षी. पहिल्याच उडीला पाय सटकायचा आणि माझ्या टिकल्या चहूकडे. मग घरी बैठक बसायची. बाईंनी संगीत बदललं. वहिनीने मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उडीच्या आधी मनात समुद्र आणायला सांगितला. पोरीने समुद्र पाहिलेलाच नव्हता. नवे बूट आणले. मी स्कर्टचा घेर चार बोटं कमी केला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

भिंगरी बिचारी एकच सांगायची. "तिथला बर्फ वेगळा आहे. बुटाचं पातं धरतच नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," आम्ही सगळे एका सुरात. अंगण खरोखरच वाकडं होतं; फक्त ते बाहेरचं नव्हतं, आमचं होतं. आणि मला तर दोन अंशांची गोष्ट ठाऊक होती. पण मी शिंपीण, मला बर्फातलं काय कळतं, असं मी स्वतःला सांगते. दादालाही कळलं नव्हतं, शपथेवर सांगते. यंत्रं सोडून तो बाहेरच्या स्पर्धांना कधी गेलाच नाही. त्याची ठाम समजूत होती की बाकीच्या रिंकवाल्यांना बर्फ करता येत नाही.

भिंगरीला सतरावं लागलं आणि त्या वर्षीची निवड चाचणी चक्क आमच्याच रिंकवर ठरली. घरात आनंदीआनंद. वहिनीने तर तिचे पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून आणले.

चाचणीबरोबर स्केटिंग संघटनेचा तंत्रज्ञ आला, हातात पेटी, बगलेत नियमांचं पुस्तक. त्याने काटा बघितला, दादाकडे बघितलं आणि उणे पाच लावलं. "तुमचा काटा बिघडलाय वाटतं," एवढंच म्हणाला. सज्जन माणूस. दादाला वाटलं, पोर एवढी तयारीची, दोन अंशांनी काय होतंय?

ज्या बर्फावर ती लहानाची मोठी झाली, त्याच बर्फावर भिंगरी पहिल्या उडीला आपटली. दुसऱ्या उडीलाही. नववी आली. मी डोक्याला हात लावून बसले. ती मात्र रडली नाही. बाहेर यायच्या आधी ओणवी झाली, हातमोजा काढून बर्फावर तळवा टेकवला, बराच वेळ टेकवला. मग पात्यांवर रबरी खोळी चढवून तशीच, टिकल्यांच्या पोशाखात, तळघराचा जिना उतरली. मी मागोमाग.

"बाबा, आज किती आहे?"

"उणे पाच. त्या माणसाने लावलंय."

"आणि रोज?"

दादा फडक्याला हात पुसत राहिला.

"बाबा, रोज किती असतं?"

"तीन. तुझी हनुवटी फुटली होती ना लहानपणी, तेव्हापासून. तुला लागू नये म्हणून."

"बाहेर लागायचं ना रे बाबा मला," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आपलेच दात, आपलेच ओठ. आठ दिवस असेच गेले. मग भिंगरीनेच हुकूम सोडला. हातात अजून एक चाचणी होती, शेवटची. "रोज सकाळी काटा बदलायचा. कधी चार, कधी सहा, कधी सात. मला सांगायचं नाही."

ते वर्ष मी विसरणार नाही. रिंकवर कुणी पडलं की खाली तळघराच्या छताला धप्प असा आवाज येतो. सकाळच्या पहिल्या दोन तासांत वर भिंगरीशिवाय कुणी नसायचं, म्हणजे प्रत्येक धप्प आपल्या घरची. काटा लावणारा दादा, आणि त्याच्याच डोक्यावर त्याची पोर आपटतेय. तो मोजायचा. दुपारी माझ्या दुकानात येऊन सांगायचा, "आज एकतीस."

"अरे, मोजू नकोस."

"मग काय करू?"

आम्ही त्याची समजूत काढायचो. तुझी काय चूक, तू मायेपोटी केलंस. तो ऐकून घ्यायचा आणि अर्ध्या जेवणावरून उठायचा. पँट कमरेत दोनदा आवळून दिली मी त्याची.

एकदा त्याला राहवलं नाही. गुपचूप काटा तीनवर नेला. पाच मिनिटांत भिंगरी जिन्यावर हजर. "तीन आहे. परत लाव." कसं ओळखलंस, असं विचारायची त्याची छाती झाली नाही. परत लावला. त्या दिवशी ती छत्तीस वेळा पडली.

मग आकडे उतरत गेले. एकोणीस, अकरा, चार. चाचणीला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी दादा आला आणि दारातच उभा राहिला.

"किती?" मी विचारलं.

"एकही नाही," म्हणाला, आणि माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून ढसाढसा रडला. मीही रडले. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

शेवटची चाचणी परगावी होती. दादाने जन्मात पहिल्यांदा रजा टाकली. भिंगरीच्या पायांना कसला बर्फ लागला ते मला ठाऊक नाही, पण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही पडली नाही. डगमगलीसुद्धा नाही. माझी एक टिकली निखळली नाही. वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला.

आणि ती चौथी आली.

पाऊण गुणाने. ती वर्षभर नुसतं उभं राहायला शिकत होती, तेवढ्या वेळात पहिल्या तिघी हवेत तीन गिरक्या घ्यायला शिकल्या होत्या. बाई सवयीने म्हणाल्या, "असू दे, पुढच्या वर्षी," आणि मग आठवण होऊन त्यांनी जीभ चावली. पुढचं वर्ष नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. भिंगरी त्यावर बसली. आम्ही तिघं समोर उभे. तंगडीत तंगडी घालून पडलेल्यांनासुद्धा टाळ्या मिळाल्या होत्या, आणि एकदाही न पडलेली रिकाम्या हाताने बसली होती. शेवटी दादाच बोलला.

"माझ्यामुळे गेलं तुझं."

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. छे रे, काहीतरीच काय बोलतोस, तुझी काय चूक. वर्षभर घोकलेलं. वहिनीनेही तोंड उघडलंच होतं. भिंगरीने आम्हा दोघींकडे असं बघितलं की आम्ही गप्प झालो.

"हो बाबा," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच गेलं."

दादाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याचे खांदे खाली आले. वर्षभर आम्ही दोघी त्या माणसाशी प्रेमाने खोटं बोलत होतो आणि तो आतल्या आत सुकत चालला होता. खरं सांगणारी एकटी ती निघाली.

मग तिने उजवा पाय पुढे केला. "नाडीची गाठ भिजलीय. माझ्याने सुटत नाहीये. सोड ना."

दादा फरशीवर मांडी घालून बसला आणि त्याने तो बूट मांडीवर घेतला.