महालक्ष्मीबाईंचा गरम दोसा

राघोत्तमराव रेल्वेच्या खानपान विभागात निरीक्षक होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी निरीक्षकच राहिले. रेल्वे सुटली, बायको सापडली! आधी निरीक्षकानं चाखायचं, मगच प्रवाशांना वाढायचं, हा नोकरीतला नियम त्यांनी अण्णा नगरच्या घरात जसाच्या तसा आणला. महालक्ष्मीबाईंनी सांबार केलं की पहिली वाटी यांच्यापुढे. हे डोळे मिटणार, जीभ फिरवणार आणि म्हणणार, "चालेल." अडतीस वर्षांत 'छान' हा शब्द काही त्या तोंडातून बाहेर पडला नाही. तोवर बाईंचं ताट गार झालेलं असे.

बाईंना साठावं लागणार होतं. मुलानं, मुरलीनं विचारलं, "अम्मा, काय पाहिजे तुला?"

"तव्यावरचा गरम दोसा. दुसऱ्या कोणी केलेला. आणि पहिला घास माझा."

बस्स, एवढंच मागणं! समुद्राकाठच्या रस्त्यावर 'सागरमाया' आणि 'स्वर्णद्वीप' अशी दोन थीम पार्क समोरासमोर उभी आहेत. आपल्या मुलांना पाळणे, अम्माला जेवण, म्हणून मुरलीनं त्यांतल्या एकात जायचं ठरवलं. राघोत्तमरावांच्या अंगातच आलं.

"न तपासता जायचं? अय्यो! पैसे काय वर आलेत?"

दोन महिने तपासणी चालली. उपाहारगृहं फाटकाच्या आत, त्यामुळे दर खेपेला पार्कचं पुरं तिकीट. ओल्याचिंब अर्ध्या चड्ड्यांच्या गर्दीत हे लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी सावरत बसणार, सांबारात थर्मामीटर बुडवणार, वड्याला पट्टी लावणार आणि सगळं वहीत टिपणार. सागरमायात दोसा दोनशे ऐंशी, पण दुसऱ्यांदा चटणी मागितली की वाढपी तोंड वाकडं करतो. स्वर्णद्वीपात तीनशे दहा, पण सांबारात छोटे कांदे तीन जास्त. मात्र वड्याचं भोक फार मोठं. "भोकाचे पैसे घेतात लेकाचे!" असं ते घरी येऊन ओरडले. तीस रुपयांचा फरक शोधायला सात तिकिटं गेली. दुसरा कोणी मुलगा असता तर त्यानं ती वही समुद्रात भिरकावली असती. मुरली बिचारा तिकिटांचे पैसे भरत राहिला.

शेवटी स्वर्णद्वीप पास झालं. वाढदिवशी मुरली मुलांना घेऊन पाळण्यांकडे गेला आणि ही दोघं टेबलाशी बसली. दोसा आला. कडा कुरकुरीत, वर लोणी विरघळतंय, वाफ थेट बाईंच्या तोंडावर. त्यांनी हात पुढे केला.

"थांब." राघोत्तमरावांनी ताट स्वतःकडे ओढलं. थर्मामीटर सांबारात. "अठ्ठावन्न! मागच्या खेपेला चौसष्ट होतं. मॅनेजरला बोलवा!"

सांबार परत गेलं. ते येईतो दोसा गार झाला, म्हणून दोसा परत गेला. नवा आला तर चटणी आंबट. राघोत्तमराव मॅनेजरला वही दाखवत होते आणि महालक्ष्मीबाईंचे डोळे भरून आले होते. भुकेनं म्हणा, अपमानानं म्हणा. साठाव्या वर्षीही आपण या माणसाच्या गाडीतली प्रवासीच, हे त्यांना आज लख्ख कळलं. त्या उठल्या.

पाळण्यांजवळ एक उघडा काउंटर होता. एक बाई तव्यावर भराभर दोसे टाकत होती. महालक्ष्मीबाईंनी उभ्याउभ्याच पहिला घास तोंडात घातला. जीभ पोळली. चटणी कोपरापर्यंत ओघळली. आहाहा! कोणी न चाखलेला घास त्या लग्नानंतर पहिल्यांदा खात होत्या. त्यांनी दुसरा दोसा मागितला.

तेवढ्यात राघोत्तमराव वही-पेन घेऊन धापा टाकत आले. "अगं, मी चाखला नव्हता हा! कसा आहे?"

बाईंनी शेवटचा घास सावकाश संपवला. डोळे मिटले, जीभ फिरवली.

"छान," त्या म्हणाल्या. नवऱ्याला नव्हे, तव्यामागच्या बाईला. ती लाजली आणि न विचारताच तिनं तिसरा दोसा टाकला.

राघोत्तमराव पेन उघडून उभे राहिले. त्यांच्या वहीत त्या शब्दाला रकानाच नव्हता.